परमुलखाच्या नंबराची गाडी

पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरली म्हणजे रस्त्याच्या कडेला लागलेल्या गाड्यांचे नंबर जरा वाचत जावेत. एम.एच. ११ तर असतेच, पण टी.एन., के.एल., के.ए., ए.पी. ही अक्षरेही जागोजागी दिसतात. त्या गाड्यांतून उतरणारी माणसे मात्र अस्सल खटाव-माणची. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील कित्येक कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यापायी पिढ्यान् पिढ्या परमुलखात राहत आली आहेत. मूस आणि भट्टी तिकडे, तर शेत आणि कुलदैवत इकडे, असा त्यांचा संसार. माणसाला दोन घरे चालतात, गाडीला मात्र नंबर एकच मिळतो. तो नंबर कोठवर चालतो आणि कधी बदलावा लागतो, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

विषय घेण्यास कारण घरचेच आहे. माझे थोरले चुलते तामिळनाडूत गलाईचे काम करीत. गेल्या दिवाळीत दुकान मुलाच्या हवाली करून ते कायमचे गावी आले आणि त्यांची गाडी आमच्या छपरात येऊन उभी राहिली. मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे, सहा महिन्यांच्या आत नंबर बदला. कोणी म्हणे, काही करू नका, भारतात कुठेही चालते. एकाने तर 'पैसे द्या, मी बघतो' असेही सांगून पाहिले. शेवटी अण्णा मला म्हणाले, "तू कालेजात जातीयास न्हवं? मग वाच की कायद्यात काय ल्हिलंय ते." आमच्या घरात कायद्याचे पुस्तक उघडण्याची ती पहिलीच वेळ.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याचे ४६ वे कलम सांगते की एका राज्यात नोंदलेली गाडी साऱ्या भारतात पुन्हा नोंदावी लागत नाही. म्हणजे दुसरा सल्लागार अगदीच खोटे बोलत नव्हता. पण त्याने पुढचे कलम वाचले नव्हते. ४७ व्या कलमाप्रमाणे एका राज्यातील गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ 'ठेवली', तर मालकाने त्या दुसऱ्या राज्याचा नवा नंबर घेतलाच पाहिजे. मुदत सरल्यावर अर्ज करण्यास तीस दिवस मिळतात.

येथे सारा भर 'ठेवली' या शब्दावर आहे. दिवाळीला पंधरा दिवस आणि यात्रेला आठ दिवस येऊन परत जाणारी गाडी पाहुणी होय; तिला हे कलम लागत नाही, मग ती वीस वर्षे येत-जात राहो. याउलट मालक केरळात आणि गाडी गावच्या भावाकडे, तीवरून दूध नि भाजीपाला वाहिला जातो, असे असेल तर बारा महिन्यांनंतर ती येथलीच झाली. आपल्याकडे असे प्रकार बरेच आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण काही चुकीचे करतो आहोत याची कल्पनाही नसते.

आता प्रश्न असा की गाडी साऱ्या देशात नोंदलेली असताना हा खटाटोप का? याचे उत्तर आपल्या राज्यशास्त्राच्या पेपरात आहे. घटनेच्या सातव्या परिशिष्टात यांत्रिक वाहने हा विषय समवर्ती सूचीत (नोंद ३५) घातला आहे, तर वाहनांवरील कर हा राज्यसूचीत (नोंद ५७) आहे. म्हणून नोंदणीचा कायदा देशाला एक, आणि कर मात्र राज्याराज्याचा वेगळा. खासगी गाडीचा कर खरेदीच्या वेळीच एकरकमी भरून घेतात. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला किमतीच्या ११ टक्के पडतो. अण्णांनी तो कर तामिळनाडूला भरला आणि गाडी झिजवणार आमचा वडूजचा रस्ता! नंबर सीमा ओलांडतो, भरलेला कर ओलांडत नाही, अशी ही गोम आहे. नव्या राज्यात गाडीच्या वयाप्रमाणे कमी केलेला कर भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा कर मागता येतो. पण आधी इकडे भरायचे, मग तिकडे मागायचे. पैशाची ओढाताण असणाऱ्या घराला हा क्रम जड जातो, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

राज्यांनाही मोह आवरत नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०१४ साली तीस दिवसांहून अधिक राहिलेल्या परराज्यातील गाडीकडून आजन्म कर घेण्याची तरतूद केली होती. तेथील उच्च न्यायालयाने २०१६ साली ती रद्द ठरविली.

देशादेशांत तर हे प्रकरण अधिकच कडक आहे. परदेशात स्वतःची गाडी काही दिवसांपुरती न्यायची तर 'कार्नेट' नावाचे पुस्तक मोटार संघटनेकडून घ्यावे लागते. गाडी परत नेली नाही तर जकात आम्ही भरू, अशी ती हमी असते. युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात राहायला गेलेल्या माणसाला साधारणपणे सहा महिन्यांत गाडी तिथे नोंदवावी लागते. (सहा महिन्यांचा सल्ला देणाऱ्याने बहुधा हेच कोठूनतरी ऐकले असावे.) आखातात नोकरी करणारा आपला माणूस तर तिथली वापरलेली गाडी इकडे आणूच शकत नाही, कारण आपल्या आयातीच्या नियमाप्रमाणे जुनी गाडी तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या बाजूस सुकाणू असलेली हवी, आणि दुबईत सुकाणू डावीकडे.

आता प्रत्यक्ष कामाचे. पहिला कागद म्हणजे जुन्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला. त्याचा अर्ज नमुना २८. गाडी चोरीची नाही असा पोलिसांचा अहवाल आणि कर थकलेला नाही याची खात्री झाल्यावर तो मिळतो; कर्ज असेल तर बँकेची संमतीही लागते. अर्जावर चेसिस नंबरचा पेन्सिलीने उठवलेला ठसा द्यावा लागतो. आमची गाडी इथे आणि कचेरी तिकडे, म्हणून मी छपरात आडवी होऊन तो ठसा कागदावर घेतला आणि टपालाने चुलतभावाकडे धाडला. म्हणून माझे सांगणे असे की कायमचे गावी येणाऱ्याने हा दाखला तिकडून निघण्यापूर्वीच घ्यावा. आणखी एक गोष्ट कचेरीच्या खिडकीवर कोणी सांगत नाही: कचेरीने तीस दिवसांत दाखला द्यायचा किंवा कारण लिहून नाकारायचा असतो, दोन्ही केले नाही तर तो दिला असेच कायदा मानतो. त्यासाठी अर्जाची पोच मात्र जपून ठेवावी. पुढे नमुना २७ भरून, विमा, पी.यू.सी. व पत्त्याचा पुरावा जोडून साताऱ्याच्या कचेरीत गाडी दाखवायची आणि कर भरायचा. नवा नंबर मिळाल्यावर विमा कंपनीलाही कळवावे.

गाडी बारा महिने राहिली की नाही हे ठरवायचे कसे? २०२१ च्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा असल्याने कोणत्या तारखेस कोणता टोलनाका ओलांडला याची नोंद आपोआप राहते. पाहुण्या गाडीच्या मालकाने ती काढून जवळ ठेवली तर रस्त्यावर अडवल्यास बोलायला आधार राहतो.

या कटकटीवर तोड म्हणून केंद्र सरकारने १५ सप्टेंबर २०२१ पासून 'बी.एच.' ही मालिका सुरू केली. तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदलले तरी नंबर तोच. सैनिक, केंद्र व राज्य सरकारचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे नोकर, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकर यांना ती खुली आहे. आपल्या तालुक्यातील फौजेतल्या जवानांनी तिचा लाभ जरूर घ्यावा. पण गलाईवाला कोणाचा नोकर नाही. चार भावांची चार राज्यांत चार दुकाने असली तरी त्यांतल्या एकालाही हा नंबर मिळत नाही. यादीत स्वतःचा धंदा करणाऱ्याला घ्यायचे तर केंद्राच्या नियमांत दुरुस्ती हवी; मुंबईच्या विधानसभेकडे मागून भागणार नाही, मागणी दिल्लीलाच गेली पाहिजे. पुसेगावच्या यात्रेला सगळे एकत्र येतात, तेव्हा सह्या गोळा करणे अवघड नाही.