अळंबीचें झाड कोणतें ?

हिमालयाच्या रानांत बर्फ वितळूं लागलें म्हणजे लोक देवदारादि वृक्षांखालीं गुच्छी नांवाची मोलाची अळंबी शोधावयास निघतात. कोणत्या झाडाखालीं पाहावें, हेंच तेथें शोधणाराचें पहिलें ज्ञान होय. परंतु हा नियम ऐकून आमच्या बीड जिल्ह्यांत बाभळीच्या वा लिंबाच्या बुंध्याशीं गुच्छी शोधणारास रिकाम्या हातानें परतावें लागेल. ती थंड प्रदेशाची वस्तु आहे. बालाघाटाच्या माळावर खरी खूण झाडाची नव्हे, वारुळाची होय.

याचें कारण असें कीं, वाळवी वाळलेलें लाकूड व पाला कुरतडून वारुळांत नेते, आणि त्याच्या पोळ्यांवर एका जातीच्या बुरशीची जणूं शेतीच करते. पावसानें जमीन भिजली म्हणजे त्या पोळ्यांतून देंठ वर येऊन छत्री उघडते. या वर्गास रॉजर हाइम यांनीं १९४२ सालीं टर्मिटोमायसिस हें नांव दिलें. गोव्यांत वारुळास रोयण म्हणतात, व रोयणीचीं अळमीं तेथें आवडीनें खातात.

झाडाचा उपयोग एवढाच कीं, बांधावर जुनें खोड वा कुजका ओंडका असेल तेथें वाळवीस खाद्य मिळतें. अशी जागा सांपडल्यास लक्षांत ठेवावी. वारूळ शाबूत राहिल्यास पुढील पावसाळ्यांतही तेथेंच अळंबी येण्याचा संभव असतो. म्हणून पिकापासून दूर असलेलें वारूळ विनाकारण खणूं नये, असें आम्ही सुचवितों. ऊंस वा भुईमूग यांस वाळवी लागली असेल तर गोष्ट निराळी.

वारुळावरील मोठ्या अळंबीचा देंठ मुळासारखा निमुळता होत जमिनींत खोल जातो. माती हलकेंच सारून तो पाहावा. तथापि एका खुणेवर विसंबूं नये. गवतांत उगवणारी, छत्रीखालचे पडदे पुढें हिरवट होणारी पांढरी जात विषारी आहे. चांदी काळी पडली नाहीं म्हणजे अळंबी निर्विष, ही समजूत सर्वस्वी खोटी. शिजविल्यानेंही सर्व विषें जात नाहींत. कांहीं प्राणघातक जातींचीं लक्षणें सहा ते बारा तासांनीं, कधीं त्याहूनही उशिरां दिसतात. वांत्या वा जुलाब सुरू झाल्यास उरलेली अळंबी बरोबर घेऊन रोग्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

जाणत्या माणसानें प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज अळंबी चुलीवर चढवूं नये, व शंका येतांच टाकून द्यावी. एका वेळच्या कालवणासाठीं घरचीं माणसें पणास लावणें हा शेतकऱ्याचा व्यवहार नव्हे.