अस्थीचा जमाखर्च आणि संप्रेरकाचा हुकूम

दाढ उपटली म्हणजे दुखणे मिटले, अशी आपली समजूत असते. परंतु ज्या अस्थीच्या खोबणीत ती दाढ रोवलेली होती, तिच्या ऱ्हासाला त्याच दिवशी आरंभ होतो. दातांना धारण करणारी ही अस्थी दातांच्याच आधाराने टिकून असल्यामुळे, चर्वणाचा दाब नाहीसा होताच ती झिजू लागते, आणि वर्षभरात तिची जवळजवळ निम्मी रुंदी, तीही बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांत, नाहीशी होते. घरातल्या आजीची कवळी काही वर्षांत सैल होते, ती कवळीच्या दोषामुळे नव्हे, तर तिच्याखालचे हाड खचल्यामुळे.

वस्तुतः अस्थी हे अखंड जमाखर्चाचे दफ्तर आहे. अस्थिभक्षक पेशी जुने हाड कोरून काढतात, अस्थिजनक पेशी तेथे नवे रचतात, आणि या दोहोंचा मेळ बसतो तोवर हाड शाबूत राहते. या रचनाकारांचा उगम ज्या मूळपेशींत आहे, त्या अस्थिमज्जेत असतात हे अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दाखविले. आणि जे दुधाचे दात कौलांवर भिरकावून देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, त्यांच्या गाभ्यातही तशाच पेशी नांदतात, असे 2003 मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. पुढे, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशिगन विद्यापीठाच्या एका प्रयोगात, 24 रुग्णांपैकी काहींच्या स्वतःच्याच मज्जेतील पेशी वाढवून दात काढलेल्या खोबणीत ठेवल्या, तेव्हा तेथील हाड अधिक त्वरेने भरून आले.

परंतु नुसते कारागीर जमवून इमारत उभी राहत नाही. त्यांना वेळेवर हुकूम मिळावा लागतो. तो हुकूम देणाऱ्या परावटू ग्रंथीचे वर्णन रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1850 च्या सुमारास प्रथम केले, ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मृत झालेल्या एका भारतीय गेंड्याच्या विच्छेदनावरून. या ग्रंथीचे संप्रेरक रक्तातील कॅल्शियमची पातळी राखते, आणि त्याची करणी मोठी विलक्षण आहे: ते अहोरात्र पाझरत राहिले तर हाड झिजते, आणि तेच दिवसातून एकदा अल्पकाळ मिळाले तर हाड वाढते. अल्पकाळच्या संदेशाने अस्थिजनक पेशींची संख्या व आयुष्य वाढते. संदेश थांबलाच नाही, तर त्याच पेशींच्या द्वारे अस्थिभक्षकांना पाचारण होते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशिगनच्याच एका प्रयोगात हिरड्यांच्या जुनाट रोगाने हाड खचलेल्या 40 जणांवर शस्त्रक्रिया करून, त्यांपैकी काहींना सहा आठवडे या संप्रेरकाचा एक अंश रोज 20 मायक्रोग्रॅम टोचला, तेव्हा वर्षअखेर त्यांच्या हाडाची भरपाई 29 टक्के झाली. ज्यांना औषधाविना टोचले, त्यांची अवघी 3 टक्के.

तथापि रोजची सुई सर्व देहाला हुकूम सोडते, आणि दुरुस्ती हवी असते ती बोटभर जागेची. म्हणून त्याच विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या थरांमध्ये संप्रेरकाचे थर एकाआड एक रचले. बाहेरचा थर झिजला की आतल्याची मात्रा मोकळी होते, मग पुन्हा विराम, असा शिरस्ता बसविलेला हा साठा उंदरांच्या हाडातील छिद्रात ठेवला असता, बाहेरून एकही पेशी न घालता ते छिद्र भरून येऊ लागले. शरीराचे स्वतःचे कारागीर तेथे होतेच. त्यांना हुकूम हवा होता, आणि दोन हुकुमांमधली उसंतही.

या विद्येची निकड आपल्याकडे विशेष आहे. तंबाखू आणि गुटखा यांच्यापायी मुखाचा कर्करोग जडून ज्यांचा जबडा कापून काढावा लागतो, त्यांना आज पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड काढून त्याचा जबडा घडवून देतात. दुर्दैव असे की, त्यांच्यापैकी अस्थींवर किरणोपचार झालेल्यांना हे संप्रेरक टोचण्याचे शक्यतो टाळतात, कारण पेशींना वाढण्याचा हुकूम त्यांच्या बाबतीत निर्धास्तपणे सर्व देहभर सोडता येत नाही. जेथे गरज सर्वांत मोठी, तेथेच दार बंद आहे. आणि जागच्या जागी, मोजून मात्रा देण्याची युक्ती त्याच दारावर थाप मारीत आहे. उंदराच्या हाडापासून माणसाच्या जबड्यापर्यंतची वाट दीर्घ असली, तरी ती चालून गेलीच पाहिजे. कारण भाकरीचा घास चावता यावा यासाठी कोणालाही आपल्या पायाचे हाड द्यावे लागू नये.