पुलाला बार्ज लागला की पहिलं बोट खलाशाकडेच का?



ग्रुपवर एक व्हिडिओ परत परत येतो. रात्रीची वेळ, मोठं जहाज, दिवे जातात, येतात, पुन्हा जातात, आणि पूल पत्त्यासारखा खाली बसतो. कुणी खाली लिहितं "मगदल्ला", कुणी लिहितं "मुंबई सी लिंक, पुढे पाठवा". मग ऑफिसात फोन सुरू होतात, आमचा पोरगा बार्जवर आहे, काही कळलं का? म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

तो पूल आपल्याकडचा नाही. तो अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदराचा, तारीख 26 मार्च 2024, रात्री दीडच्या सुमारास. जहाजाचं नाव डाली, लांबी जवळपास 300 मीटर, निघालं होतं कोलंबोला. आणि त्यावरचे 21 खलाशी-अधिकारी, त्यातले 20 भारतीय आणि एक श्रीलंकेचा. वर बंदराचे दोन पायलट होते.

पुलाजवळ येता येता जहाजाची वीज गेली. वीज गेली की मशीन बंद, आणि मशीन बंद झालं की सुकाणू असून नसल्यासारखं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पंख्याचं पाणी सुकाणूवर लागलं नाही तर बोट ऐकत नाही, मग ती आपली तीस फुटी असो की तीनशे मीटरची. वीज एकदा परत आली, पुन्हा गेली. नांगर टाकला, पण एवढं वजन चालीत असताना नांगर थोडाच धरतो. मेडेचा संदेश वेळेवर गेला म्हणून पोलिसांनी दोन्ही बाजूंनी गाड्या अडवल्या. पुलावर रस्त्याचे खड्डे भरणारे कामगार होते, त्यांच्यापर्यंत निरोप वेळेत पोचला नाही. सहा जण गेले. ते मेक्सिको, ग्वाटेमाला वगैरे देशांतून पोटासाठी आलेले. रात्रपाळीवाले. आपल्यासारखेच.

आता बघा, लोक काय बोलले. सकाळ उजाडायच्या आत सुरू झालं. अतिरेकी हल्ला आहे. कॉम्प्युटरमधून कुणीतरी जहाज हॅक केलं. कॅप्टन झोपला होता. एकानं तर भारतीय खलाशांना लंगोट लावून, चिखलात भिजलेले दाखवून कार्टून काढलं आणि लाखो लोकांनी ते बघून हसून घेतलं. हल्ल्याचा काही पुरावा नाही हे तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. पण ते कोण ऐकतो.

खरं कारण कधी कळलं? 18 नोव्हेंबर 2025 ला. म्हणजे जवळपास वीस महिन्यांनी. तिथल्या चौकशी मंडळानं हजारो वायरींतून एक वायर शोधून काढली. त्या वायरीवर नाव लिहिलेली पट्टी चुकीच्या जागी बसवली होती, म्हणून वायरीचं टोक खाचेत पूर्ण आत गेलंच नव्हतं. ढिलं राहिलं, सुटलं, वीज गेली. दुसऱ्यांदा वीज गेली त्यात डिझेल पुरवणाऱ्या पंपाचाही दोष निघाला, जो पंप त्या कामासाठी नव्हता तो लावून ठेवला होता.

या वीस महिन्यांत खलाशांचं काय झालं ते आपल्या ग्रुपवर कुणी फिरवलं नाही. पूल जहाजावर पडलेला आणि माणसं त्याच जहाजात. तपासवाल्यांनी त्यांचे मोबाईल घेतले. घरी पैसे पाठवायचे तर बँकेचं ॲप मोबाईलमध्ये, नंबर सगळे मोबाईलमध्ये. मे महिन्यात जहाजावर पडलेला पुलाचा भाग सुरुंग लावून तोडला, तेव्हाही ते आतच होते. काही जणांना जूनमध्ये घरी यायला मिळालं, काही त्यानंतरही तिकडेच. आणि हो, त्याच मेडेमुळे अनेकांचे जीव वाचले असं खुद्द त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी म्हटलं. कार्टून जेवढं फिरलं तेवढं हे फिरलं नाही.

आम्ही हे एवढं लांबवून का सांगतो? कारण आपल्या सभासदांच्या घरातली पोरं टगवर आहेत, बार्जवर आहेत. मासळी कमी झाली, डिझेल परवडत नाही, म्हणून गेली. मागे एका बंदरात ओहोटीच्या वेळी बार्ज जेट्टीला घासला. कुणाला लागलं नाही, फळ्या तुटल्या एवढंच. संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी, खलाशी पिऊन होते म्हणे. त्यातला एक आपल्या सभासदाचा मुलगा. त्याची आई मोबाईल घेऊन ऑफिसात आली, आम्हाला म्हणाली, "भाऊ, हे वाचून दाखवा, यात माझ्या पोराचं नाव आहे का?" नाव नव्हतं, पण गावाचं होतं, आणि त्या गावचा बार्जवर तो एकटाच. दोर जुना झालाय हे त्यानं आधीच दोनदा सांगितलं होतं, असं तो म्हणतो. चौकशीत काय निघालं ते त्याला आजवर कुणी कळवलं नाही. पुढच्या सीझनला कामाचा फोन आला नाही. आता पांडेसऱ्यात मिलमध्ये रात्रपाळी करतो. पोहणं येतं, इंजिन येतं, दोर कसा धरायचा ते येतं, आणि कापड मोजतो.

आपल्या बाजूला पुलाजवळ असं काही झालंच नाही असंही नाही. 11 जून 2011, मुंबई. विस्डम नावाचं जुनं जहाज कोलंबोहून अलंगला तोडायला चाललं होतं. मशीन बंद, टग ओढत आणत होता. ऐन पावसाच्या तोंडाला दोर तुटला आणि रिकामं जहाज वांद्रे-वरळी सी लिंकच्या दिशेनं वाहत निघालं. त्यावर माणूस नाही, ब्रेक नाही. सगळ्यांचा जीव मुठीत. पुलाला लागलं नाही, पुढे जाऊन जुहूच्या वाळूत बसलं. नशीब म्हणायचं. पण मग चौपाटीवर जत्रा भरली, आणि प्रत्येकाकडे आपापली गोष्ट.

त्याच पावसाळ्यात, 31 जुलैला, पवित नावाचा टँकर त्याच जुहूला येऊन लागला. खलाशांनी तो महिनाभर आधी ओमानच्या बाजूला सोडला होता. मोकळा टँकर अख्खा अरबी समुद्र ओलांडून आला आणि कुणाला दिसला नाही! 26/11 होऊन तीन वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे लोकांनी विचारलं ते बरोबरच विचारलं. पण आपल्याला आठवत असेल, किनारा सुरक्षेची चर्चा निघाली की तपासणी कुणाची वाढते. जहाज येतं बाहेरून, आणि ओळखपत्र दाखवायचं डोलीवाल्यानं.

पांबनचंही सांगून ठेवतो. रामेश्वरला जाणारा जुना रेल्वे पूल, 1914 चा. 13 जानेवारी 2013 ला नौदलाचा एक बार्ज त्याला धडकला. नुकसान थोडं होतं, दुरुस्ती करून पूल चालू झाला. म्हणजे प्रत्येक धडक म्हणजे पूल पडला असंही नसतं.

पण पडतो तेव्हा पाण्यात कोण असतं? अमेरिकेतच टेक्सासच्या किनाऱ्यावर 15 सप्टेंबर 2001 ला, रात्री दोनच्या सुमारास, टगनं चालवलेले चार बार्ज मुख्य चॅनल सोडून बाजूला गेले आणि बेटाकडे जाणाऱ्या पुलाच्या खांबाला लागले. वरचा रस्ता तुटला, अंधारात गाड्या एकामागून एक खाली गेल्या. आठ जण मेले. जे तिघे वाचले त्यांना जवळच मासे पकडत असलेल्या लोकांनी बाहेर काढलं. न्यूयॉर्कच्या घटनेला तेव्हा चारच दिवस झाले होते. त्या रात्री त्या मासेवाल्यांनी आधी तर्क लढवले असते तर तिघेही राहिले नसते.

आता दुसरी बाजू. धडक झाल्यावर सगळेच तज्ज्ञ. पूल बांधायच्या आधी बोलतो तो मात्र मच्छीमार, आणि तेव्हा त्याचं म्हणणं कुणाला पटत नाही. वरळी कोळीवाड्याचं उदाहरण ताजं आहे. कोस्टल रोड सी लिंकला जोडायचा तिथे खांबांमधलं अंतर 60 मीटर ठेवलं होतं. कोळी बांधव म्हणाले, पावसाळ्यात लाट आणि वारा आडवा असताना बोट एवढ्या जागेतून सरळ निघत नाही, ती खांबावर जाईल, आम्हाला 200 मीटर द्या. कागदावर 60 मीटर भरपूर दिसतं, बोट तर पाच-सहा मीटर रुंद! पण कागदाला लाट नसते. त्यांनी समुद्रात बोटी लावून काम अडवलं, वाटाघाटी केल्या, आणि शेवटी मधला एक खांब काढून 120 मीटरवर तडजोड झाली. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण एक खांब कमी झाला हे खरं. बाल्टिमोरच्या पुलालाही 1980 मध्ये एक जहाज लागून गेलं होतं. तेव्हा जहाजं लहान होती, पूल टिकला. नंतर जहाजं वाढत गेली, खांबाभोवतीचं संरक्षण होतं तेवढंच राहिलं.

तापीचं म्हणाल तर मगदल्ल्याच्या पुलाखालून, ज्याला सगळे ओएनजीसी पूलच म्हणतात, आपल्यातले बरेच जण ये-जा करतात. आपलं आखात म्हणजे देशातल्या सर्वात मोठ्या भरती-ओहोटीचं, भावनगरकडे तर पाणी दहा मीटरच्या वर चढतं. उधाणाची ओहोटी आणि त्यात उकाईचं पाणी सुटलेलं असेल तर नदीला काय ओढ असते ते सांगायची गरज नाही. कोळशाचा भरलेला बार्ज अशा पाण्यात दोर तुटून सुटला तर आपल्या होडीनं त्याला थोपवायला जाऊ नका. बाजूला व्हा, चॅनल 16 वर सांगा, तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे नंबर मोबाईलमध्ये ठेवा. खांबाला होडी बांधून जाळं सोडणारे काही जण आहेत, नावं घेत नाही, त्यांना कळलं असेल.

आणि डोळ्यांनी काही बघितलं तर ते घड्याळ बघून लक्षात ठेवा. किती वाजले होते, पाणी चढतं होतं की उतरतं, वारा कुठला, टगचे दिवे चालू होते का, भोंगा वाजला का. जीपीएसमधला त्या दिवसाचा ट्रॅक पुसू नका. चौकशीत याला किंमत असते, "पिऊन होते म्हणे" याला नसते. व्हिडिओ काढला असेल तर काढा, पण त्यावर आपला आवाज देऊन गोष्ट रचू नका. ग्रुपवर जे असं टाकतील त्यांचा मेसेज आम्ही काढून टाकणार, राग मानू नये.

ज्यांच्या घरातलं कुणी टगवर किंवा बार्जवर कामाला आहे त्यांनी त्याच्या कामाच्या कागदांची, सर्टिफिकेटची आणि करारपत्राची झेरॉक्स ऑफिसात आणून द्यावी. सोबत घरच्या दोन माणसांचे नंबर, साध्या कागदावर लिहून, कारण मोबाईल जप्त झाला की नंबरही जातात. दोर, नांगर, मशीन याबद्दल पोरानं मालकाला काही सांगितलं असेल तर ते तोंडी न ठेवता तारीख घालून लिहून द्यायला सांगा, आणि त्याचीही एक प्रत आमच्याकडे ठेवा. ऑफिस रविवार सोडून रोज संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं.