न विसरणाऱ्याचं वेड

ग्वाल्हेर स्टेशनाला लागूनच पडाव हा भाग. खालून रेल्वे, पुलावरून वाहनांची रीघ आणि जवळच फूलबागेत झाशीच्या राणीची समाधी. १ जून १८५८ रोजी राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्यासमोर जयाजीराव शिंद्यांचं बरंचसं सैन्य फिरलं आणि जयाजीराव आग्र्याला निघून गेले. त्याच महिन्यात राणी इथं लढताना पडली. इंग्रजांनी शिंद्यांना परत गादीवर बसवलं. इथल्या मराठी माणसाला राणीही आपली आणि शिंदेही आपले. दोघांना एकाच देव्हाऱ्यात बसवायचं, तर मधलं थोडं विसरावंच लागतं.

अशा सोयीस्कर विसरण्याची भयकथा लिहिली ती याच संस्थानात जन्मलेल्या एका मराठी माणसानं, पण हिंदीत. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा, श्योपूरचा. घराणं मूळचं जळगावकडचं, वडील संस्थानच्या पोलीस खात्यात, घरची भाषा मराठी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत कवी आणि कादंबरीकार म्हणून नावारूपाला आले. गजाननरावांनी मात्र हिंदी धरली.

मराठी वाचकाला भयकथेची गोडी लावली ती नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी. धारपांकडे भय बऱ्याचदा बाहेरून घरात शिरतं आणि त्यांच्याच कथांतल्या समर्थांसारखा कुणी ते परतवून लावतो. मतकरींनी त्याला माणसाच्या डोक्यातच बिऱ्हाड करून दिलं. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही, अशी वाचकाची पंचाईत केली. तरी पुस्तक मिटलं की आपण शहाण्यांच्या बाजूला असतो. मुक्तिबोध आपल्याला तिथून उठवतात.

त्यांची ‘क्लॉड ईथरली’ ही कथा पाहा. निवेदक रस्त्यानं चालला आहे. एका उंच पिवळ्या भिंतीपलीकडे त्याला एक माणूस ओझरता दिसतो. एवढ्यात एक अनोळखी इसम सोबतीला लागतो. तो सांगतो, हे वेड्यांचं इस्पितळ, आणि आत आहे तो हिरोशिमावर बॉम्ब टाकणारा वैमानिक ईथरली. अमेरिकेतला माणूस भारतात कसा? त्यावरही या इसमाकडे उत्तर तयार. बोलता बोलता तो पुढं सरकतो: प्रत्येकाच्या आत असंच एक खासगी वेड्यांचं इस्पितळ असतं, आपण आपले बंडखोर विचार तिथं कोंडून ठेवतो. हा इसम गुप्तहेर निघतो. म्हणजे कथेतलं सर्वांत खरं वाक्य बोलणाराच सर्वांत बेभरवशाचा!

खरा ईथरलीही काही कमी गुंतागुंतीचा नव्हता. ६ ऑगस्ट १९४५ ला त्यानं बॉम्ब टाकलाच नव्हता. हिरोशिमावरचं हवामान पाहून कळवणाऱ्या विमानाचा तो वैमानिक. पुढं खोटे चेक, दुकानांवरचे दरोडे, टेक्सासमधल्या वेको इथल्या इस्पितळातले मुक्काम. जर्मन विचारवंत गुंथर आंडर्स यांना त्याच्यात जगाची सदसद्विवेकबुद्धी दिसली. दोघांचा पत्रव्यवहार पुस्तकरूपानं आला. १९६४ मध्ये विल्यम ब्रॅडफर्ड ह्यूई यांनी ही पश्चात्तापाची कहाणी रचलेली असल्याचं मांडलं. मुक्तिबोधांनी उचलली ती दंतकथा, आणि तिच्यातून नेमका प्रश्न काढला: लाखभर माणसं मारून गाढ झोपणारा शहाणा आणि झोप उडालेला तो वेडा, हे ठरवलं कुणी?

एरवी स्मृतिभ्रंशाच्या कथेत विसरणं हेच संकट असतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभे केलेले चक्रपाणी शास्त्री विसरत जातात, तसा आपला जीव तुटतो. मुक्तिबोधांकडे विसरणं हे तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण आहे. ज्याला आठवतं, तो रोगी. ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेत निवेदक मध्यरात्रीची मिरवणूक पाहतो. बँडबाजा आणि फौजेबरोबर दिवसाउजेडी प्रतिष्ठित असलेले लोक चालतात, त्यांच्यात कुख्यात खुनीही. टिळकांच्या पुतळ्याच्या नाकातून रक्त वाहतं. पाहिलं म्हणून निवेदकाचाच पाठलाग होतो, पुढं त्याच्या मेंदूची झडती घेतली जाते. ही कविता ११ सप्टेंबर १९६४ ला मुक्तिबोध गेल्यानंतर छापून आली. शेवटचे कित्येक आठवडे ते स्वतःच बेशुद्ध होते.

‘क्लॉड ईथरली’तल्या शहराला नाव नाही, पण ग्वाल्हेरलाही अशी भिंत आहे. इथल्या मानसिक आरोग्यशाळेची दुरवस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९७ मध्ये न्यायालयानं रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर इथल्या मनोरुग्णालयांवर देखरेखीचं काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं. आतल्या माणसाचं गाऱ्हाणं बाहेर पोचत नाही ते भिंतीच्या उंचीमुळे नव्हे. एकदा वेडा ठरला की त्याचं बोलणं पुरावा म्हणून कुणी धरत नाही, म्हणून.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं यावर बोट ठेवलं. समाजात रूढ असलेली नैतिक, धार्मिक वा राजकीय मूल्यं एखाद्याला मान्य नसतील, तर तेवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं तो कायदा सांगतो. कायद्याला हे लिहून ठेवावं लागलं, यावरूनच मुक्तिबोधांचं भय कल्पनेतलं नव्हतं हे कळतं. भुताला समर्थ पुरतात. न विसरणाऱ्याला मात्र त्याचं ऐकून घेणारा माणूस लागतो.