एक माईक, दोन अँटेना

स्नेहसंमेलनात बिनतारी माईक घेतलेला निवेदक एक पाऊल पुढे सरकतो आणि आवाज खरखरून तुटतो. पाऊल मागे घेताच आवाज पुन्हा स्वच्छ! असे का होते?

माईकमधला छोटा प्रक्षेपक रेडिओ तरंग पाठवतो. काही तरंग ग्राहकयंत्राच्या अँटेनाकडे सरळ येतात, तर काही भिंतींवर, लोखंडी खांबांवर आपटून लांबच्या वाटेने येतात. समजा, तरंगाची कंप्रता ६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० कोटी कंपने आहे. रेडिओ तरंगांचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. भागाकार करा, तरंगलांबी आली ५० सेंटिमीटर. दोन तरंग याच्या निम्म्याने, म्हणजे २५ सेंटिमीटरने, मागेपुढे होऊन पोहोचले, तर एकाचे शृंग दुसऱ्याच्या गर्तावर पडते. दोघे मिळून जवळजवळ शून्य!

यावर उपाय म्हणजे थोड्या अंतरावर दुसरा अँटेना. पण दोन्हींच्या तारा नुसत्या जोडून चालत नाही. तारांतही संदेश एकमेकांना पुसू शकतील. म्हणून चांगल्या यंत्रात प्रत्येक अँटेनाला स्वतंत्र ग्राहकमंडल असते. तिसरे मंडल दोन्ही संदेशांची तीव्रता सतत ताडून पाहते आणि जोरकस असेल तोच पुढे सोडते.

समजा, प्रत्येक अँटेना १०० पैकी एका जागी फसतो. दोघांचे फसणे एकमेकांवर अवलंबून नसेल, तर दोघे एकदम किती वेळा फसतील? १०,००० पैकी केवळ एकदा!

घरी एखादे क्षीण एफएम केंद्र लावून ट्रान्झिस्टर हळूहळू सरकवा. अशी एखादी मुकी जागा तुम्हालाही सापडेल.