पाटीवर नसलेली वरठी

वरठीच्या फलाटावर उतरलं की पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत वाचायला मिळतं ‘भंडारा रोड’. वरठीचं नाव नाही. भंडारा शहर अजून पुढे, सडकेने गाठायचं. शब्दकोशात ‘रोड’ म्हणजे रस्ता. रेल्वेच्या भाषेत मात्र ‘इथे उतरा, गाव पुढे आहे’. याच भंडारा जिल्ह्यात देव्हाडीला उतरणाऱ्याच्या हाती ‘तुमसर रोड’चं तिकीट असतं. साधं सामान्यनाम प्रवासामुळे विशेषनामात जाऊन बसलं. मला याचं फार कुतूहल वाटतं, कारण उलटंही घडलं आहे.

कार्ल बेडेकर. आडनाव मराठी वाटावं असं, पण माणूस जर्मन; जन्म १८०१, एसेनचा. १८२७ मध्ये कोब्लेन्झला त्याने प्रकाशनाचा व्यवसाय सुरू केला. प्रवाशाला पावलोपावली वाटाड्या लागू नये, म्हणून त्याने मार्गदर्शक पुस्तकं काढली. ऐकीव माहिती त्याला चालत नसे. मिलानच्या कॅथेड्रलच्या पायऱ्या चढताना दर वीस पायऱ्यांना तो जाकिटाच्या खिशातला एक वाटाणा विजारीच्या खिशात टाकायचा आणि उतरताना तेच उलट करून आकडा पडताळायचा, असं सांगतात. लाल बांधणीची ही पुस्तकं इतकी पसरली, की इंग्रजीत कुठलंही प्रवास-मार्गदर्शक पुस्तक ‘बेडेकर’ झालं. भाषाशास्त्रात हा अर्थविस्तार. आपण कुठल्याही छायाप्रतीला ‘झेरॉक्स’ म्हणतो, तसाच.

मग युद्ध आलं. मार्च १९४२ च्या अखेरीस ब्रिटिश विमानांनी ल्युबेक हे जुनं शहर जाळलं. त्यावर जर्मन परराष्ट्र खात्याचा एक अधिकारी म्हणाला, बेडेकरमध्ये तीन तारे मिळालेली ब्रिटनमधली प्रत्येक इमारत आम्ही पाडू. त्या पुस्तकात दोनच्या वर तारे नव्हतेच. एक्झिटर, बाथ, नॉर्विच, यॉर्क, कँटरबरी या शहरांवर बॉम्ब पडले आणि त्या हल्ल्यांना ‘बेडेकर रेड’ म्हणू लागले. वाटाण्यांनी पायऱ्या मोजणाऱ्याचं नाव अशा कामाला जोडलं जावं, हे मनाला लागतं. डिसेंबर १९४३ मध्ये लाइपझिगवर बॉम्ब पडले, तेव्हा तोवर तिथे हलवलेली बेडेकरांची प्रकाशनसंस्थाही जळाली.

वरठीचं नाव पाटीवर नसलं तरी माणसांच्या तोंडी टिकून आहे. तिकिटावर ‘भंडारा रोड’ छापलेलं असतं, गाडीत शेजाऱ्याने विचारलं, तर इथला माणूस सांगतो, “वरठीला उतरायचंय.”