काकडीहून कळसूबाईकडे

शिर्डीचा विमानतळ शिर्डीत नाही, कोपरगाव तालुक्यातल्या काकडीत आहे. १ ऑक्टोबर २०१७ ला त्याचं उद्घाटन झालं. तेव्हा धावपट्टी अडीच किलोमीटरची, पूर्व-पश्चिम. 'फ्लाइटगिअर' नावाच्या फुकट सिम्युलेटरमध्ये 'व्हीएएसडी' हा संकेत टाकायचा आणि तिथून सेस्ना विमान उडवायचं, एवढीच नगरकराची हौस. पण ती भागवायला दोन निरनिराळी घड्याळं चालत असतात.

एक घड्याळ खुद्द सॉफ्टवेअरचं. फ्लाइटगिअरचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे. १९९७ पासून जगभरचे हौशी लोक त्यात भर घालतायत. ही रोजची भर 'नेक्स्ट' नावाच्या शाखेत पडते, आणि ती शाखा आज धड चालेल याची हमी नाही. नवी आवृत्ती काढायची ठरली की तिथून एक फांदी वेगळी काढतात. या फांदीवर नवं काही घ्यायचं नाही, फक्त चुका निस्तरायच्या. दिवाळी अंकाचं काम केलेल्यांना हे सांगायला नको: शेवटचा फर्मा लागला की थोरामोठ्यांचाही लेख परत जातो, प्रुफं तेवढी तपासली जातात.

मग बांधणी. तिचा क्रम ठरलेला: आधी चित्र रंगवणारी ओपनसीनग्राफ लायब्ररी, मग सिमगिअर ही सहायक लायब्ररी, शेवटी फ्लाइटगिअर. कोड एकच, पण विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी पुडकी वेगळी. ती सर्व्हरवर आपोआप बनतात. ती आधी 'कँडिडेट' म्हणून चाचणीला जातात. जुनाट ग्राफिक्स कार्डवाला माणूस इथे सोन्याच्या मोलाचा, कारण बांधणाऱ्याच्या मशीनवर सगळं सुरळीतच चालत असतं. '२०२०.३.१९' हा क्रमांक वाचायचा असा: २०२० ची ३ नंबरची मालिका, तिची एकोणिसावी दुरुस्ती. सोबत कॉकपिटं, आवाज, जगभरच्या विमानतळांची यादी येते, आणि हा डेटा मूळ प्रोग्रॅमहून कितीतरी अवजड. जमीन मात्र एखाद्याच विमानतळाभोवतीची. नगर त्यात नसतं.

ते येतं 'टेरासिंक' या जमीन पुरवणाऱ्या सोयीतून, दुसऱ्या घड्याळावर. पृथ्वीचे एक अंश बाय एक अंश असे तुकडे पाडलेत. काकडी, संगमनेर, नगर शहर, सगळं 'ई०७४एन१९' मध्ये. पश्चिमेला उडालात की अकोले गावाच्या आसपास ७४ अंश रेखावृत्त लागतं. पलीकडच्या 'ई०७३एन१९' मध्ये १६४६ मीटरची कळसूबाई. विमान जवळ येईल तसा तो तुकडा डाउनलोड होतो. प्रत्येक फोल्डरमध्ये एक सूची असते: कोणती फाइल, केवढी, तिचा आकडी ठसा काय. ठसा जुळला तर फाइल पुन्हा मागवली जात नाही. खेड्यातल्या नेटवर केवढी सोय ही!

हे तुकडे मात्र रोज घडत नाहीत. डोंगरांच्या उंच्या फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने रडारने मोजलेल्या. त्यांवर रस्ते, नद्या, धावपट्ट्या बसवून 'टेरागिअर' जमीन घडवतं, आणि धावपट्टी त्या जमिनीतच कोरलेली असते. म्हणजे सिम्युलेटर ताजा, यादीत शिर्डी हजर, पण तुकडा २०१७ च्या आधीचा असला, तर सेस्ना उघड्या माळावर उभं राहतं. आवृत्ती पुन्हा डाउनलोड करून उपयोग नाही. जमीन नव्याने घडेपर्यंत थांबायचं, नाहीतर टेरागिअर घेऊन तेवढा तुकडा आपणच घडवायचा. कळसूबाई तेवढी दोन्ही घड्याळांत जागच्या जागी असते.